आजीचा विश्वास, देवाचा विश्वासूपणा

शास्त्रवाचन : स्तोत्रसंहिता ७८:१–८, २ तीमथ्य १:३–७
मननाचे वचन : २ तीमथ्य १:५



पौलाने तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र तुरुंगातून लिहिलेले आहे. प्रेषित बेड्यांत आहे. आशियातील पुष्कळ सोबती त्याला सोडून गेले आहेत. हिवाळा तोंडावर आला आहे, आणि त्रोवसात राहिलेला आपला झगा कोणी आणून दिला तर बरे, असे त्याला वाटते. आपली जाण्याची वेळ आली आहे, हे तो ओळखून आहे. अशा वेळी मनुष्य मोजकेच बोलतो. फुकटचा शब्द कागदावर उतरवत नाही.

आणि ह्या मोजक्या बोलण्यात, पत्राच्या अगदी आरंभी, त्याला दोन स्त्रियांची आठवण होते. तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके. सबंध नव्या करारात ‘आजी’ हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आला आहे. ह्या बाईने कोठे उपदेश केला, किती दान दिले, हे शास्त्र सांगत नाही. तिच्या अंतःकरणात विश्वास वसत होता, तो तिच्या मुलीत वसला, आणि आता तो नातवातही आहे अशी आपली खात्री आहे, एवढेच पौल लिहितो. ‘वसत होता’ हा शब्द ध्यानात घ्यावा. विश्वास त्या घरी पाहुणा म्हणून आला नव्हता. तो तेथे राहावयास आला होता.

आपल्या घरच्या माणसांकडून देवाचा विश्वासूपणा आपण कसा शिकतो, आणि आपल्या मुलांनी तो आपल्याकडून कसा शिकावा, ह्याचा विचार आज करू या.

१. मुखवटा नसलेला विश्वास

लोईसचे घर आदर्श होते असे समजण्याची आपली प्रवृत्ती असते. प्रेषितांची कृत्ये १६ वा अध्याय वाचला तर निराळे चित्र दिसते. तीमथ्याची आई विश्वास ठेवणारी यहूदी होती, पण बाप हेल्लेणी होता. बापाच्या विश्वासाविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. यहूदी आईचा मुलगा असूनही तीमथ्याची सुंता लहानपणी झाली नव्हती. ह्यावरून त्या घरात धर्माच्या बाबतीत आईचे सर्वस्वी चालत नसावे, असे दिसते. म्हणजे ते घर दोन मतांचे होते. आपल्या मंडळ्यांत अशी घरे थोडी नाहीत. आई मुलांना घेऊन उपासनेस येते आणि वडील घरी वर्तमानपत्र वाचत बसतात. किंवा एकटे वडीलच येतात. अशा घरातील माणसांना वाटते, ‘आमच्या घरातून काय साक्ष निघणार?’ त्यांनी लोईस व युनीके ह्यांच्याकडे पाहावे. त्या अर्ध्या घरातूनच इफिसच्या मंडळीचा सेवक निघाला.

तो निघाला कशामुळे? पौल त्या विश्वासाला ‘निष्कपट’ म्हणतो. मूळ भाषेत हा शब्द नाटकातल्या नटावरून आला आहे. सोंग न घेतलेला, मुखवटा न चढवलेला, असा त्याचा अर्थ. आता मनुष्याचा मुखवटा कोणाला ओळखता येतो? मंडळीला नाही. मंडळी आपल्याला आठवड्यातून एकदा, इस्त्रीच्या कपड्यांत पाहते. पाळकसाहेब घरी येतात तेव्हा आपण खुर्ची पुसून देतो आणि आवाजही मऊ करतो. पण घरातले मूल आपल्याला सोमवारी सकाळी पाहते. पगार लांबला की आपण काय बोलतो, शेजाऱ्याशी भांडण झाले की रात्री प्रार्थना करतो की नाही, आजारपणात आपण कोणाचे नाव घेतो, हे सर्व त्याला ठाऊक असते. मुलाने शब्बाथ शाळेत पाठ केलेली वचने ते कदाचित विसरेल. पण आजी अंधारात उठून कोणाशी बोलत असे, हे ते विसरणार नाही.

तरीही येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लोईसच्या विश्वासाने तीमथ्याचे तारण झाले नाही. आजीचे शेत नातवाच्या नावावर चढते, तसा विश्वास चढत नाही. म्हणून पौल लगेच पुढच्या वचनात सांगतो की, तुला मिळालेले देवाचे कृपादान पुन्हा पेटव. पूर्वी आपल्या गावी चूल विझली म्हणजे शेजारच्या घरून विस्तव आणीत. निखारा दुसऱ्या घरचा, पण आपल्या चुलीत तो घातल्यावर फुंकर आपणच घालावी लागे. आजी निखारा देते. फुंकर ज्याची त्याने घालावयाची असते.

२. लपवून ठेवू नका

पण तो निखारा कशाचा? येथे आपली मोठी चूक होते, असे आम्हांला वाटते. आपण मुलांना आपल्या वाडवडिलांचा चांगुलपणा सांगतो. आजोबा किती धार्मिक होते, पणजीने देवासाठी काय काय सोसले, आपले घराणे किती जुने ख्रिस्ती. हे सांगण्यात दोष नाही. पण एवढेच सांगितले तर मूल आजोबांचा विश्वासूपणा शिकते, देवाचा नव्हे.

अठ्ठ्याहत्तरावे स्तोत्र उघडून पाहा. आसाफ म्हणतो की, पूर्वजांनी सांगितलेले आपण पुढच्या पिढीपासून लपवून ठेवणार नाही. आपल्याला वाटते, आता तो पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे गाईल. पण पुढे काय येते? त्या पूर्वजांचे बंड, त्यांची कुरकुर, त्यांचा विसराळूपणा, पाठ फिरवून पळणे. सर्व उघड्यावर मांडलेले आहे. आणि त्या सर्वांमधून देवाने वाट दाखवली, खडकातून पाणी दिले, अन्न दिले, दया केली, राग आवरला. आसाफ त्याचा हेतूही सांगतो. मुलांनी देवावर भरवसा ठेवावा, आणि वाडवडिलांसारखे हट्टी होऊ नये. कुटुंबाची साक्ष म्हणजे कुटुंबाची स्तुती नव्हे. आपल्या माणसांनी पुन्हा पुन्हा हात सोडला आणि देवाने सोडला नाही, ही ती साक्ष आहे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. फार उशिरा, आमच्याच घरात शिकलो. आमचे आजोबा शाळेत मास्तर होते. घरात त्यांचे नाव आदराने निघे. त्यांची प्रार्थना, त्यांचे शास्त्रज्ञान, त्यांचा वक्तशीरपणा ह्यांच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. खरे सांगायचे तर त्या गोष्टींचा आम्हांला धाक वाटे. आमच्या स्वतःच्या विश्वासाला ओहोटी लागली, त्या दिवसांत तर ‘आजोबांच्या घराण्यात आपण कसे निपजलो’ असे वाटून आम्ही अधिकच दूर गेलो.

पुढे एकदा आजोबांची वृद्ध बहीण आमच्याकडे राहावयास आली. बोलता बोलता तिने सांगितले की, धाकटी मुलगी तापाने गेली त्यानंतर तीन वर्षे आजोबा देवळात गेले नव्हते. घरात प्रार्थनेची वेळ झाली की ते उठून अंगणात जात. पाळक समजवायला आले, तर त्यांच्याशीही बोलले नाहीत. हे आम्हांला कोणी कधी सांगितले नव्हते. आम्ही विचारले, ‘मग आजीने काय केले?’ ती म्हणाली, ‘काही नाही. भांडली नाही, रडली नाही. फक्त दर शनिवारी रात्री त्यांचा कोट खुंटीवरून काढायची, झटकायची, खिशात उपासना संगीताचे पुस्तक घालायची आणि खुर्चीवर ठेवायची. रविवारी दुपारी तो तसाच परत खुंटीला. तीन वर्षे. मी एकदा रागावून म्हटले, वहिनी, कशाला हा खटाटोप? तर म्हणाली, वन्सं, देवाने ह्यांना सोडले नाही, मग मी कोट तरी का सोडू?’

आणि एका रविवारी आजोबांनी तो कोट घातला. का घातला, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

प्रियांनो, प्रथम आम्हांला वाईट वाटले. मनातले आजोबा खाली आल्यासारखे झाले. पण त्या रात्री झोप लागेना, आणि पडल्या पडल्या आम्हांला दिसू लागले की, इतकी वर्षे आम्ही आजोबांच्या पावित्र्याविषयी ऐकले आणि देवाविषयी फारच थोडे शिकलो. त्या तीन वर्षांची गोष्ट ऐकल्यावर मात्र देव कसा आहे, हे प्रथमच नीट कळले. घरच्यांनी ती गोष्ट लाजेने लपवली होती. पण सर्व गोष्टींत तीच आमच्या खऱ्या उपयोगाची होती. आजोबांना परत घेणारा देव नातवालाही परत घेईल, हा धीर आम्हांला तेथे मिळाला.

३. कडू तोंडाची साक्ष

पवित्र शास्त्र स्वतः काही लपवत नाही, ह्याचे एक उदाहरण म्हणजे नामीचे घर. दुष्काळामुळे हे कुटुंब बेथलेहेम सोडून मवाब देशी गेले. तेथे नामीचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. उरल्या तीन विधवा. नामी गावी परतली तेव्हा बायका तिला नावाने हाक मारू लागल्या. तिने ते नाव नाकारले. नामी म्हणजे मनोरमा, गोड. ती म्हणाली की मला मारा म्हणा, म्हणजे कडू. सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिले, भरल्या घराने गेले होते आणि देवाने मला मोकळ्या हाताने आणले, अशा अर्थाचे ती चारचौघांत बोलली.

आपल्या स्त्री-सभेत कोणी असे बोलले असते तर आपण तिला गप्प केले असते. ‘असे बोलू नये, देवाची इच्छा म्हणावी,’ असे सांगितले असते. पण पाहा, हीच कडू तोंडाची सासू ज्या देवाचे नाव घेत होती, त्याच देवाला रूथने आपला देव म्हणून पत्करले. सासू-सुनेच्या नात्याविषयी आपल्या ओव्यांत आणि म्हणींत काय काय आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. येथे मात्र सून सासूचा देव मागून घेते, आणि तोही सासूचे हात रिकामे असताना.

रूथने नामीमध्ये काय पाहिले असेल? नामीला देवाकडून समृद्धी मिळाली असे तर तिने पाहिले नव्हते. तिने इतकेच पाहिले की, ही बाई रागावली तरी देवाशीच रागावते. तक्रार घेऊन दुसऱ्या देवाकडे जात नाही. मवाबात दुसरी देवळे होती, पण नामी बेथलेहेमच्या वाटेला लागली. आणि स्वतः दुःखात बुडालेली असताना तिने सुनांना देवाच्या दयेच्या हवाली केले. दुःखातली प्रामाणिक तक्रारसुद्धा साक्ष असते, जर ती देवासमोर केलेली असेल. आपण मुलांपुढे नेहमी हसरे तोंड ठेवले पाहिजे असे नाही. आपण रडतो तेव्हा कोणाच्या पायांपाशी रडतो, हे त्यांना दिसले पाहिजे.

पुढे रूथच्या मांडीवर ओबेद आला, आणि नामीने त्याला सांभाळले. तोच दावीद राजाचा आजोबा. मत्तयाने प्रभू येशूची वंशावळी लिहिली, तेव्हा त्यात परदेशी रूथचे नाव घातले. राहाब आणि तामार ह्यांचीही नावे घातली, आणि उरीयाच्या बायकोचा उल्लेख करून दावीद राजाचे पापही झाकले नाही. आपल्या प्रभूच्या घराण्यानेही पाने फाडलेली नाहीत.

४. एका ग्रंथाला तीन हात

आता आपल्या मराठी मंडळीतले एक घर पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी ख्रिस्ती नव्हत्या. पदरी लहान मुलगा दत्तू होता. पतीने धर्म बदलला ही बातमी त्या घरावर विजेसारखी पडली. काही वर्षे पती एकीकडे व पत्नी आणि मूल दुसरीकडे, अशी ताटातूट झाली. पुढे एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे-ओवळे काही काळ चालूच राहिले. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंचे मन हळूहळू, आतून पालटत गेले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक साधू वृत्तीचे होते, म्हणून लक्ष्मीबाई ओढल्या गेल्या, असे आपण म्हणून टाकतो. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, ती ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की, त्यांनी काहीच लपवलेले नाही. टिळकांचा संताप, त्यांचा विसरभोळेपणा, हातात पैसा न ठरणे, त्यामुळे घरात झालेली ओढाताण, हे सर्व त्या पुस्तकात आहे. आणि आपले स्वतःचे हट्ट आणि भ्रमही त्यांनी हसत हसत सांगितले आहेत. असे असून ते पुस्तक वाचताना टिळकांविषयीचा आदर उणा होत नाही, उलट वाढतो. कारण ह्या तापट, विसराळू माणसाला धरून ठेवणारा कोणी तरी आहे, हे वाचणाऱ्याला दिसत राहते. आसाफाच्या स्तोत्राची रीत हीच आहे.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य लिहावयास घेतले होते. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले, तेव्हा आरंभीचे अध्याय तेवढे झाले होते. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण असे नव्हते. तरीही त्यांनी ते काम हाती घेतले आणि पतीने लिहिले त्याच्या कितीतरी पट अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या. शेवटचा हात त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांनी फिरवला. ज्या मुलाला कडेवर घेऊन लक्ष्मीबाई पतीच्या बाप्तिस्म्याच्या बातमीने कोसळल्या होत्या, तोच हा मुलगा. वडील, आई आणि मुलगा. तिघांची लेखणी निरनिराळी, पण वर्णन एकाच प्रभूचे. पुष्कळ घरांत देवाचे काम असेच चालते. आपण सुरू केलेले आपल्या हयातीत पुरे होत नाही. पण ज्याचे ते काम आहे, तो कोणाला तरी पुढे उभा करतो.

५. फळ दिसले नाही तर?

येथे कोणी विचारील, ‘टिळकांच्या मागे मुलगा होता. ज्यांच्या मागे कोणी उरले नाही, त्यांनी काय म्हणावे?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याला झटपट उत्तर देणे बरे नव्हे.

पंडिता रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा अजून चालायला शिकत होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे शारदा सदन आणि मग केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळाच्या वर्षांत शेकडो मुली तेथे आल्या. मनोरमाबाई आईच्या कामात शिरल्या आणि तिचा उजवा हात झाल्या. १९१२ साली गुलबर्गा येथे, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलखात, ख्रिस्ती शाळा निघाली, तिचा भार मनोरमाबाईंनी वाहिला. आईनंतर हीच काम पुढे चालवील, असे सर्वांना वाटत होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आईच्या देखत मुलगी गेली.

त्या वेळी रमाबाई काय करीत होत्या? मूळ भाषांतून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षे चालवले होते. मुलगी गेल्यावरही ते त्यांनी सोडले नाही. शेवटपर्यंत त्या छपाईची मुद्रिते तपासत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. पोटची वारस नाहीशी झाली, आणि त्या दुसऱ्यांच्या लेकींना वाचता यावे म्हणून देवाचे वचन सोपे करीत बसल्या. देवाने त्यांचे दुःख वारले, असे येथे म्हणता येत नाही. त्याने त्यांना दुःखात एकटे टाकले नाही, हे म्हणता येते. मुक्ती मिशन आजही केडगावी उभे आहे, आणि तेथे वाढलेल्या मुलींच्या लेकी-नातींना रमाबाई ह्या आजीच आहेत. देवाच्या घराण्याची वंशावळी केवळ रक्ताने चालत नाही.

म्हणून देवाचा विश्वासूपणा म्हणजे आपल्या घरावर संकट न येणे, मुले मोठ्या पगाराला लागणे, म्हातारपण सुखात जाणे, असे मुलांना शिकवू नये. असे शिकवले तर पहिल्याच संकटात ती म्हणतील, ‘आई खोटे बोलली.’ देव आपले वचन मोडत नाही आणि आपल्या लोकांना सोडून जात नाही, हा त्याचा विश्वासूपणा. तो उजेडात सांगता येतो, अंधारात मात्र शिकावा लागतो.

६. आपण काय करावे?

पहिली गोष्ट आईबापांसाठी व आजीआजोबांसाठी. हैदराबाद, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर अशा ठिकाणी आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नातवंडे शाळेत इंग्रजी बोलतात, रस्त्यावर हिंदी, तेलुगू किंवा गुजराती. आजीची मराठी प्रार्थना त्यांना अर्धी कळते. आपण म्हणतो, ‘ह्यांना आता आमचे काय कळणार?’ आणि गप्प बसतो. गप्प बसू नका. जुन्या घरांत पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू ह्यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. ते पान एखाद्या रविवारी दुपारी उघडा, आणि एकेका तारखेमागे काय घडले, देवाने त्या दिवशी कसे धरून ठेवले, ते मोडक्यातोडक्या का होईना, मुलांना समजेल त्या भाषेत सांगा. नोकरी गेली ते वर्ष सांगा. प्रार्थना सुचत नव्हती ते दिवस सांगा. दुसऱ्याचे गुपित फोडू नका. पण स्वतःच्या पडण्याची व उचलले जाण्याची गोष्ट सांगायला लाजू नका. शास्ते ह्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, परमेश्वराला आणि त्याने केलेल्या कृत्यांना न ओळखणारी पिढी निपजली असे लिहिले आहे. ती पिढी आभाळातून पडली नव्हती. तिचे आईबाप यहोशवाबरोबर चाललेले होते.

दुसरी गोष्ट, ज्यांच्या घरी लोईस नव्हती त्यांच्यासाठी. कोणी तरी पहिला असतोच. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना हा मार्ग दाखवायला ख्रिस्ती आजी नव्हती. आज त्यांची पुस्तके मराठी ख्रिस्ती साहित्याच्या पायात आहेत. ज्यांना बापाच्या घरी दारू आणि शिव्या एवढेच ऐकायला मिळाले, त्यांनीही धीर धरावा. तुम्हांला मागे आजी मिळाली नसेल, पण पुढे कोणाची तरी आजी तुम्हांला होता येईल.

तिसरी गोष्ट शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी. पौलाने तीमथ्याला आपले लेकरू म्हटले आहे, हे विसरू नका. घरात जे कमी होते ते मंडळीने भरून काढले. तुमच्या वर्गात असेही मूल असेल, ज्याच्या घरी कोणी प्रार्थना करीत नाही. त्याला तुम्हीच लोईस. पुढच्या रविवारी एक करून पाहा. प्रत्येक मुलाने आपल्या घरातील किंवा मंडळीतील एका वडील माणसाला विचारून यावे, ‘तुम्ही देवाला विसरला होता, पण देव तुम्हांला विसरला नाही, असे कधी झाले?’ मिळालेली उत्तरे वर्गात सांगू द्या. त्या दिवशी तुम्हांला फारसे शिकवावे लागणार नाही.

शेवटची गोष्ट, ज्यांची मुले विश्वासापासून दूर गेली आहेत त्यांच्यासाठी. तुम्ही रात्री जागून स्वतःला दोष देत असाल. आम्ही तुम्हांला खोटे वचन देणार नाही. मूल अमुक दिवशी परत येईल, असे आमच्या हातात नाही. आमच्या आजीलाही ते ठाऊक नव्हते. पण पौलाने ह्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या तेराव्या वचनात सांगितले आहे की, आपला विश्वास ढळला तरी देव आपल्या शब्दाला बदलत नाही, कारण तसे करणे म्हणजे स्वतःलाच नाकारणे होईल. तुमच्या मुलाची आशा तुमच्या संगोपनावर टांगलेली नाही. ती देवाच्या स्वभावावर आहे. तेव्हा भांडू नका, टोचून बोलू नका. दार उघडे ठेवा, पानावर बोलवा, नाव घेऊन प्रार्थना करा. आणि शनिवारी रात्री कोट झटकून खुर्चीवर ठेवायला विसरू नका.

प्रार्थना : हे आमच्या पूर्वजांच्या देवा, आमच्या घरांत ज्यांनी तुझे नाव घेतले त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्यांचे पाय घसरले तेथे तू त्यांना सावरलेस, ह्याबद्दल अधिक आभार मानतो. आमचा मुखवटा काढ. आमच्या मुलांना आमच्याकडे नव्हे, तुझ्याकडे पाहावयास शिकव. जे दूर आहेत त्यांच्या वाटेवर तू उभा राहा. जे एकटे आहेत त्यांना तुझ्या घराण्यात जागा दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.